तुळशीदास आणि औषधालयाच्या दोन वेळा

तुळशीदास मूळचा वेंगुर्ल्याकडचा. आखाती देशातल्या सालमिया भागातील एका छोट्या कंपनीत तो दुकानांची संकेतस्थळे तयार करीत असे. पानावर दुकानाची वेळ लिहिली की त्याच अक्षरांभोवती यंत्राला वाचता येतील अशा खुणाही तो घालीत असे. मोबाईल ‘आता उघडे आहे’ असे सांगतो, ते या न दिसणाऱ्या खुणा वाचून. म्हणून बदल करायचा तो दोन्हींत आणि एकाच बैठकीत, हा त्याचा नियम.

त्याचा व्यवस्थापक विश्वास यावर हसे. ‘‘तुळशीभाऊ, गिऱ्हाईक डोळ्यांनी वाचतं. यंत्राला प्रेमपत्रं कशाला?’’

रमजानात एका औषधालयाची वेळ बदलली. त्या शुक्रवारी तुळशीदास सुट्टीवर होता. विश्वासने स्वतःच दिसणारी अक्षरे तेवढी बदलली.

मी याच औषधालयाचा गिऱ्हाईक. तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्या पत्नीचे, रत्नमालाचे, इन्सुलिन संपले. मोबाईलने दुकान उघडे असल्याचे सांगितले. सबाह अल-सालेम या आमच्या वस्तीतून टॅक्सीने गेलो, तर शटर खाली. तिला एका जिन्यात बसवून मी अर्धा तास उन्हात दुसरे दुकान शोधत फिरलो. संध्याकाळी संकेतस्थळ बनवणाऱ्या कंपनीकडे लेखी तक्रार केली.

कंपनीने मला बोलावले. औषधालय चालवणारे दापोलीचे यूसुफभाईही आले होते. विश्वासने पान दाखवले.

‘‘सर, वेळ बरोबर आहे. आत काही राहिलं असेल, तर ते तुळशीदासचं. पानं तोच बनवतो.’’

तुळशीदासचा करार पुढच्या महिन्यात संपत होता, आणि तो वाढवण्याची सही विश्वासची. तुळशीदासने पानामागचा मजकूर उघडला. नव्या वेळेभोवतीच्या खुणेत जुनीच वेळ होती. मग त्याने बदलांची नोंद उघडली. शुक्रवार, नाव विश्वासचे.

‘‘त्या दिवशी मी इथे नव्हतो,’’ एवढेच तो म्हणाला.

‘‘म्हणजे तीन दिवस माझं दुकान लोकांना खोटं सांगत होतं,’’ यूसुफभाई विश्वासकडे पाहत म्हणाले.

तुळशीदासचा करार वाढला नाही. हे कळल्यावर मी विश्वासविरुद्ध दुसरी तक्रार लिहिली, पहिलीपेक्षा कडक, आणि पाठवण्याआधी त्याला दाखवली. तुळशीदासने ती वाचली, घडी घातली आणि मला परत दिली.

‘‘सर, दुसरीकडे काम ठरलंय. पण इथून रिलीजचा, म्हणजे मोकळं केल्याचा, कागद मिळाल्याशिवाय मालक बदलता येत नाही, आणि त्यावरही सही विश्वासचीच. तोवर हे पाठवू नका.’’

तीन आठवडे झाले. विश्वास त्याच खुर्चीत आहे, सही झालेली नाही, आणि माझे पत्र माझ्याच खिशात आहे.