बुटांसकट वजन

मुलाखतीत मला विचारलं गेलं, "गोळीबारात कधी हेलिकॉप्टर उडवलंय?" मी म्हटलं, "नाही. पण विजेच्या तारांखालून रोज उडवतो." खोटं नव्हतं ते. अकोल्याकडच्या कपाशीवर औषध फवारायचं म्हणजे पिकाच्या शेंड्यांना टेकेल इतकं खाली उतरावं लागायचं, आणि बांधावरच्या तारा काही आपल्यासाठी बाजूला होत नाहीत. टेबलापलीकडचे तिघं एकमेकांकडं बघायला लागले. नोकरी आपली, हे मला तिथंच कळलं.

नोकरी चंदीगडला होती, पोलिसांच्या कामाचं हेलिकॉप्टर उडवायची. ऐंशीच्या दशकाची ती शेवटची वर्षं. दहशतवादामुळं पंजाबातल्या गावांत अंधार पडला की रस्त्यावर चिटपाखरू दिसायचं नाही, आणि सासरहून येणाऱ्या प्रत्येक पत्रात एकच प्रश्न असायचा, जावईबापूंना दुसरीकडं कुठं काम मिळत नाही का? बायको अस्सल वऱ्हाडी. तिनं सामान उघडायच्या आधीच मला बजावलं, "एक वर्ष पाहते मी. नोकरी पक्की झाली तर राहू. नाही तर पोरीला घेऊन अकोल्याची गाडी धरते. समजलं काय?" सगळं त्या एका वर्षावर होतं. वर्षाच्या शेवटी आमचे मुख्य वैमानिक एक अहवाल लिहिणार होते, याला ठेवा किंवा याला परत पाठवा.

मुख्य वैमानिक म्हणजे हवाई दलातून निवृत्त झालेले सरदारजी. पांढरी दाढी, बोलणं मोजकंच. मी त्यांना सर म्हणायचो. त्यांच्यासमोर माझी बडबड जरा कमी व्हायची, एरवी मी कुणाच्या बापाला ऐकत नसे.

तिसऱ्याच महिन्यात मी माती खाणार होतो. एका शाळेच्या मैदानावरून चार अधिकाऱ्यांना घेऊन उठलो, तर हेलिकॉप्टर वर जाईना. कुंपणाची भिंत समोर येत गेली आणि आम्ही ती कशीबशी ओलांडली. मी प्रत्येकाला वजन विचारून हिशेब केला होता, आणि हिशेब बरोबर होता. चुकली होती माणसं. वजन सांगताना अंगावरचं गोळीरोधक जाकीट कुणी धरलंच नव्हतं!

सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "विचारू नकोस. तोल."

दुसऱ्या दिवशी मी धान्यबाजारातून पोती तोलायचा लोखंडी काटा आणून हेलिपॅडच्या शेडमध्ये ठेवला. काय गहजब झाला म्हणून सांगू! "हम क्या गेहूँ की बोरी हैं?" असं एक साहेब माझ्यावर खेकसले. काही जण त्याहून हुशार निघाले. जाकीट उतरवून अंगरक्षकाच्या हातात द्यायचे, काट्यावर चढायचे, वजन झालं की परत जाकीट चढवून ऐटीत हेलिकॉप्टरकडं निघायचे. एकाला मी सरळ दंड धरून परत आणला. हुद्दा बराच मोठा होता त्यांचा. पण माझं डोकं फिरलं की मला खांद्यावरचे तारे दिसत नाहीत.

प्रत्येक उड्डाणाआधी सगळ्यांची वजनं मी एका वहीत लिहायचो. पहिली ओळ माझी, बहात्तर किलो. अकोला सोडताना लायसन्सच्या तपासणीत तेवढं भरलं होतं, तेच मी रोज लिहीत गेलो.

वर्ष संपत आलं, आणि आला जून. रोपडच्या पलीकडं सतलजच्या काठावर एका गावात चकमक झाली होती, आणि मला एका वरिष्ठ पोलीस साहेबांना तिथं पोचवायचं होतं. सोबत त्यांचे दोन अंगरक्षक. मघाशी सांगितलेले गव्हाच्या पोत्यावाले साहेब ते हेच. काट्यावर चढताना त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी त्यांच्या खिशात हात घातलाय.

गावात उतरलो तेव्हा गोळीबार थांबला होता. एक कॉन्स्टेबल शाळेच्या व्हरांड्यात पडला होता. मांडीत गोळी लागलेली, आणि त्याचा सोबती पगडीचं कापड दोन्ही हातांनी जखमेवर दाबून बसलेला. जीप यायला दोन तास लागणार होते. त्याच्याकडं पाहून कुणीही सांगितलं असतं की दोन तास त्याच्यापाशी नाहीत.

साहेबांनाही चंदीगडला लगेच परतायचं होतं. मी वही काढली. दुपारचे दोन, हवा तापून पातळ झालेली, अशा हवेत हेलिकॉप्टर कमी उचलतं, आणि हेलिपॅडसारखी पळत उठायला इथं जागा नव्हती. तोलायला वेळ नव्हता, म्हणून दोघांची वजनं सोबत्याला विचारून लिहिली. जखमी आणि त्याचा सोबती एवढेच बसत होते. मी म्हटलं, "साहेब, तुम्हाला इथंच थांबावं लागेल." ज्या गावात तासाभरापूर्वी गोळ्या चालल्या त्या गावात मी एका वरिष्ठ अधिकाऱ्याला थांबायला सांगत होतो. मला वाटलं, संपली नोकरी. पण ते माझ्या वहीकडं बोट करून म्हणाले, "आपकी कॉपी जो कहे," आणि अंगरक्षकांना घेऊन बाजूला झाले.

कॉन्स्टेबलला मागं आडवा केला. मी ताकद दिली. हेलिकॉप्टर वीतभर उचललं, इंजिनाची सुई लाल रेघेला टेकली, आणि पुढं काही होईना. समोर सफेद्याच्या, म्हणजे आपल्या निलगिरीच्या, उंच झाडांची रांग होती. मी परत खाली टेकवलं.

"कोण खोटं बोललं?" मी मागं वळून ओरडलो. तो बिचारा सोबती, दोन्ही हात रक्तात, तो काय लपवणार! हिशेबानं हे उडायलाच हवं होतं. तेवढ्यात साहेब वाकून माझ्या दारापाशी आले आणि आवाज चढवून म्हणाले, "कॅप्टनसाब, और आपका वजन?"

"बहात्तर!"

त्यांनी फक्त माझ्या पोटाकडं बघितलं.

माझ्या सीटखाली एक जाड लोखंडी प्लेट असायची, खालून गोळी आली तर अडावी म्हणून. मी पट्टा सोडला, प्लेट ओढून काढली आणि गवतावर टाकून दिली. या वेळी हेलिकॉप्टर उठलं. सफेद्याचे शेंडे चाकांखालून हातभर अंतरानं गेले. सतलज ओलांडेपर्यंत मी अंग चोरून बसलो होतो. कशाला लपवू, बसायच्या जागी मुंग्या आल्या होत्या.

संध्याकाळी इस्पितळातून निरोप आला. पाय लंगडा राहील, पण माणूस वाचला. शेडमध्ये कुणीतरी लाडू वाटले. सर पहिल्यांदाच शाबाश म्हणाले. अहवाल सोमवारी जाणार होता, आणि त्यात काय असेल हे आता पोरंसोरंसुद्धा सांगू शकत होती. घरी बायकोनं माहेरी पत्र टाकलं, आम्ही इथंच राहतोय. पोरगी तर मराठीत विचारलं तरी पंजाबीत उत्तर द्यायला लागली होती.

शनिवारी जीपमधून माझी प्लेट परत आली. तिला साहेबांची चिठ्ठी बांधलेली होती. "गावातल्या आडतीवर तोलून घेतली. नऊ किलो. आता स्वतःला तोला."

सगळे जेवायला गेल्यावर मी काट्यावर चढलो. एक्क्याऐंशी. नऊ किलो, ना कमी ना जास्त. शेजारणीचं पांढरं लोणी, आलूचे पराठे, आणि वर माझी मिजास. वर्षभर मी दुनियेची जाकिटं तपासली आणि स्वतः एकदाही त्या काट्यावर उभा राहिलो नाही. मला इतकी लाज वाटली की मी शेडचं दार आतून लावून घेतलं.

चिठ्ठी फक्त मी वाचली होती. गप्प बसलो असतो तर कुणालाच काही कळलं नसतं. घरी बायकोला सगळं सांगितलं आणि विचारलं, "काय करू?"

"मले काय विचारता?" ती म्हणाली. "दुसऱ्यानं जाकीट लपवलं का तुम्ही घर डोक्यावर घेता." मग पाठ फिरवून बराच वेळ कणीक मळत राहिली. पत्र टाकून बसली होती बिचारी.

सोमवारी सकाळी सरांच्या टेबलावर मी चिठ्ठी ठेवली आणि बोललो. त्यांनी मला काट्यापाशी नेलं, आकडा पाहिला, परत येऊन खणातून अहवाल काढला. सही तेवढी व्हायची होती. तो त्यांनी पुन्हा खणात टाकला. "तीन महिने आणखी," ते म्हणाले. "बहात्तर हो, नाही तर एक्क्याऐंशी लिही. मला दोन्ही चालतं. न तोलता लिहिलेलं चालत नाही."

ते तीन महिने आमच्या घरात तुपाचा डबा वरच्या फळीवर होता, आणि रोज मी बूट काढून काट्यावर चढायचो. बायको अकोल्याच्या गाडीचं नावही काढत नव्हती, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटायची.

शेवटच्या आठवड्यात शेडमध्ये नवा माणूस आला. काठी टेकत चालत होता. पळापळीचं काम आता त्याला जमणार नव्हतं, म्हणून सरांनी काटा आणि वही त्याच्या ताब्यात दिली. मी त्याला लगेच ओळखलं, सतलजच्या काठचा तो कॉन्स्टेबल. त्यानं मला कुठं धड पाहिलेलं, तो तर शुद्धीवर नव्हता. पण गोष्ट त्यानं ऐकली होती, नऊ किलोंसकट.

पहिलं उड्डाण माझंच होतं. सर दारात उभे. काट्यापाशी आलो आणि सवयीनं, देवाशपथ, निव्वळ सवयीनं, मी वाकून बुटाची नाडी सोडायला लागलो.

"बूट रहने दो, साब," तो पेन्सिल हातात धरून म्हणाला. "बूट भी तो साथ उड़ेंगे."

मी नाडी बांधली आणि चढलो. सत्त्याहत्तर. त्यानं पहिल्या ओळीत आकडा लिहिला आणि बरोबर आहे ना म्हणून वही माझ्यापुढं धरली. मी हो म्हटलं. दारातून सर आत गेले आणि खण उघडल्याचा आवाज आला.