छत्र्यांचं झाड

माझ्या थोरल्या आत्याने आयुष्यात कुणाचं ऐकलं असेल तर ते फक्त प्रभू येशूचं, आणि तेही निवडक. दुसरा गाल पुढे करायचं कलम तिने पहिल्यापासून वगळलेलं आहे. नाशकात शरणपूर रोडच्या मागच्या एका गल्लीत ती एकटी राहते. मेट्रन म्हणून निवृत्त होऊन तिला वीस वर्षं झाली, पण पदराला नर्सचं उलटं घड्याळ अजून टाचलेलं असतं, आणि ती गल्ली म्हणजे आपला वॉर्ड आहे याबद्दल तिच्या मनात काडीची शंका नाही. लोक ‘सलाम, बाई’ म्हणून हात पुढे करतात, आणि हात हातात आला की तिची बोटं आपोआप नाडीवर सरकतात. एका लग्नात नवरदेवाचं अभिनंदन करता करता तिने स्टेजवरच जाहीर केलं, “एकशे दहा आहे. आधी पाणी द्या याला, मग फोटो काढा.” देवळात (आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात) ती तिसऱ्या बाकावर बसते आणि उपदेश लांबला की घड्याळ हातात घेऊन बघत राहते. पाळकसाहेब तरुण आहेत आणि जन्मले तिच्याच हातांवर, त्यामुळे ते मुकाट्याने शेवटाकडे वळतात.

नाताळच्या झाडाचा विषय तर तिच्यापुढे काढूच नये. बाकीच्या गल्लीत या बाबतीत सरळ दोन पक्ष आहेत, एक सुरूची फांदी आणणाऱ्यांचा आणि एक दुकानातलं प्लॅस्टिकचं झाड आणणाऱ्यांचा. आत्या दोन्ही पक्षांच्या विरोधात आहे. सुरूवाल्यांना ती म्हणते, “तोडलेल्या झाडाला दिवे लावायचे म्हणजे पेशंटला आधी मारायचं आणि मग सलाईन लावायचं.” मग एका समजूतदार शेजाऱ्याने तिला कुंडीतलं जिवंत ख्रिसमस ट्री आणून दिलं. तिने त्याला उन्हाची वेळ, पाण्याची वेळ असा तक्ता लावून सांभाळलं, तरी मे महिन्यात ते वाळलंच. पुढच्या वर्षी शेजाऱ्याने दुसरं आणलं तर तिने दारातूनच परत पाठवलं. “एक गेलं माझ्या हातून. पुरे झालं,” एवढंच म्हणाली, आणि त्या दिवशी कुणाशी भांडलीही नाही.

प्लॅस्टिकच्या झाडाची कथा याहून दारुण आहे. तिचा मुलगा, म्हणजे माझा आतेभाऊ, पुण्याला असतो. आईची दरवर्षीची खटपट वाचावी म्हणून त्याने चांगलं सहा फुटी झाड खोक्यात घालून पाठवलं. चार दिवसांनी आत्याचा त्याला फोन गेला, “ब्रश छान आहेत रे.” तिने एकेक फांदी कापून बाटल्या धुवायला काढली होती. आता मला विचाराल तर त्या फांद्या खरोखरच उत्तम ब्रश आहेत. माझ्याकडेही दोन आहेत, आणि भावाला काय वाटायचं ते वाटो.

आत्याचं स्वतःचं झाड छत्र्यांचं असतं. पावसाळाभर ती मोडक्या छत्र्या जमवते आणि कापड काढून नुसते सांगाडे ठेवते. पुरुषांच्या मोठ्या छत्रीचा सांगाडा खाली, बायकांच्या छत्रीचा त्यावर, शाळकरी पोराच्या छत्रीचा सगळ्यांत वर. हे तिन्ही ती बँडेजच्या पट्टीने सलाईनच्या स्टँडला बांधते. तो स्टँड काकांच्या, म्हणजे आत्याच्या नवऱ्याच्या, शेवटच्या आजारपणात घरात आला आणि राहिला. वरून हिरवी साडी पिना लावून नेसवायची, आणि काड्यांच्या टोकांना इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या रंगीत पाणी भरून टांगायच्या. कापसाचा बर्फ मात्र चालत नाही. “नाशकात थंडी पडते, बर्फ कधी पडला होता?” या झाडाला खाली चाकं आहेत. त्यामुळे ज्या शेजाऱ्याला ते आवडत नाही त्याच्या खिडकीसमोर ती ते मुद्दाम ढकलून नेते.

गेल्या दिवाळीत आतेभाऊ येऊन गेला तेव्हा त्याला काहीतरी खटकलं. आई आपल्याला चेहऱ्यावरून नाही, आवाजावरून ओळखते असं त्याच्या लक्षात आलं. जाताना तो आत्याला माझ्यादेखत म्हणाला, “आई, नाताळला येतो तेव्हा नीट बघणार आहे. तुला दिसत नसेल तर हे घर बंद करायचं आणि कायमचं पुण्याला यायचं.” वाईट नाही तो, काळजीनेच बोलला. पण आत्या कडाडली. “पुण्यात मला कोण ओळखतं? इथं निम्मी गल्ली माझ्या हातावर जन्मलीय. मला काय धाड भरलीय?” तो गेल्यावर तिने पंचांगाएवढ्या बारीक अक्षरातलं औषधाचं वेष्टन डोळ्यांपुढे धरून मला खडाखडा वाचून दाखवलं. ते तिला अर्थातच पाठ होतं.

चोवीस डिसेंबरला सकाळी मी चकल्यांचा डबा घेऊन गेले आणि दारातच थांबले. झाड खिडकीशी उभं होतं, वरपासून खालपर्यंत लालभडक. आणि त्याच्या शेजारी आत्या उभी होती, वरपासून खालपर्यंत हिरवीगार. झालं होतं काय, की तिने मालेगावच्या बाजारात दोन सुती साड्या एकदम घेतल्या होत्या, एक हिरवी झाडाची आणि एक लाल तिची नाताळची. पोत तोच, काठ तोच, फरक फक्त रंगाचा. तेव्हा आत्याची साडी झाड नेसलं होतं आणि झाडाची साडी आत्या. मला हसू फुटणार तेवढ्यात ती समाधानाने म्हणाली, “यंदा अगदी मनासारखं झालंय.”

मी काही बोलणार तोच बाहेर गाडी थांबली आणि आतेभाऊ आत आला. त्याने आधी झाडाकडे पाहिलं, मग आईकडे.

“आई, झाड लाल का?”

आत्याचा हात साडीच्या काठावर गेला. बोटांनी काठ चाचपला, पण काठ काय सांगणार? एक क्षणभर, फक्त एक क्षणभर, माझ्या आत्याचा चेहरा मी घाबरलेला पाहिला. मग तिची मान वर झाली.

“गुलमोहर पाहिलायस का कधी? मे महिन्यात बघ जरा. तू हिरवा का नाहीस म्हणून त्याला कुणी विचारतं का?”

“आणि तू हिरवी का?”

“झाड लाल झाल्यावर घरात कुणीतरी हिरवं नको?”

तो माझ्याकडे वळला. “ताई, खरंच?”

“माझीच कल्पना,” मी म्हटलं. “तेच तेच झाड बघून कंटाळा आला होता.”

ख्रिस्तजन्माच्या आदल्या दिवशी मी धडधडीत खोटं बोलले आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. तीन दिवस गल्ली लाल झाड बघायला येत होती आणि आत्या प्रत्येकाला गुलमोहर ऐकवत होती. तीन दिवस मी तिच्या आगेमागे राहून वाटीत मीठ आहे की साखर ते हळूच सांगत होते. आतेभाऊ सत्तावीसला निघाला तेव्हा म्हणाला, “आई ठीक आहे. मीच उगाच घाबरलो.”

गाडी गेल्यावर आत्या खुर्चीत बसली. “तुला दारातच कळलं ना?”

“हो.”

“मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत. नर्सला काय ते कळत नाही?” मग पदरावरचं घड्याळ चाचपत ती म्हणाली, “तुझे काका दवाखान्यात चालत गेले होते गं. साधं ऑपरेशन म्हणून मीच नेलं होतं. परत आणलं ते या स्टँडसकट. मला भीती वाटते.”

भीती हा शब्द तिच्या तोंडून मी आयुष्यात प्रथम ऐकला. मला रडू आलं. ते तिला दिसलं नाही हे एक बरं झालं. जानेवारीत मी तिला डॉक्टरांकडे नेलं, तिच्याच दोन अटींवर. मुलाला पट्टी निघाल्यावरच सांगायचं, आणि तोवर झाड उतरवायचं नाही. टेबलावर आडवं होताना तिने डॉक्टरांची नाडी पाहिली आणि ठीक आहे असं सांगून त्यांना परवानगी दिली.

पट्टी काढून मी तिला घरी आणलं. दारात उभी राहून तिने झाडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. “चांगलंच लाल आहे की,” ती म्हणाली. “पुढच्या वर्षीही लालच करायचं. गल्लीला सवय होईल.”

मग ती माझ्याकडे वळली. माझी हनुवटी धरून तिने माझं तोंड खिडकीच्या उजेडाकडे फिरवलं. बोटं नेहमीसारखी नाडीवर गेली नाहीत, केसांवर गेली.

“हे कधी पिकले गं?”

“झाली चार-पाच वर्षं.”

“आणि गुडघा दुखतो म्हणाली होतीस, तो खरंच दुखतो?”

“दुखतो.”

माझी पिशवी तिने माझ्या हातातून काढून घेतली, मला खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, “बस तू. चहा मी करते.” एरवी त्या घरात पाऊल टाकलं की ‘पोरी, गॅस पेटव, पोरी, दळण आण’ सुरू होत असे. आत्या आत कपबशा काढत होती, एकही न चाचपता, आणि मी साठीला टेकलेली बाई तिथे पाहुण्यासारखी बसून होते. तिला सगळं स्वच्छ दिसायला लागलं याचा आनंद मला झालाच, देवाशपथ झाला. पण तिला दिसत नव्हतं तोवर या जगात एका घरी तरी मी पोरगी होते.