नववीच्या पेपरांची चोरी

ती घटना आठवली की आजही लाज वाटते. निवृत्तीला थोडाच काळ उरला होता आणि मालवण तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा कारभार माझ्याकडे होता. एका माध्यमिक शाळेचे मुख्याध्यापक तक्रार घेऊन आले. नववीच्या वार्षिक परीक्षेचे तपासलेले पेपर कपाटाचं कुलूप तोडून कुणीतरी नेले होते. संशय कुणावर, असं विचारलं तर नाव तयारच होतं. नापास झालेल्या एका मुलीचा बाप आदल्याच दिवशी शाळेत येऊन भांडून गेला होता.

ही शाळा म्हणजे गावाचा अभिमान. दहावीचा निकाल दरवर्षी शंभर टक्के, बाजारात त्याचा भलामोठा फलक. सत्काराला मीही जाऊन टाळ्या वाजवून आलो होतो.

पंचनामा करताना एक गोष्ट खटकली. कपाटाचं कुलूप तुटलेलं, पण कार्यालयाच्या दाराला ओरखडाही नाही. दाराची चावी मुख्याध्यापकांकडेच असायची. तरी चौकशी रीतीप्रमाणे बापापासून सुरू केली. भातशेती आणि थोडे काजू, असा साधा माणूस. मुलीला नापास करून शाळेने दाखला काढून न्यायला सांगितलं होतं. दहावीला बाहेरून, सतरा नंबरचा फॉर्म भरून बसवा म्हणून.

"साहेबानू, माका चेडवाचो पेपर बघूचो होतो, चोरूचो नव्हतो," लेकीचा पेपर फक्त बघायचा होता, एवढंच तो म्हणत राहिला. मुलगी बाहेर बाकावर बसून होती. तिची शाळा तर सुटलीच होती, आता बापावर चोरीचा डागही लागणार होता.

दाराची चावी कुणाकडे होती अशी कुजबुज गावात वाढली, तेव्हा संशय टाळायला मुख्याध्यापकच पुढे झाले. "देवळात गाऱ्हाणा घालूया. चोर आपसूक कळतलो," म्हणाले. आमच्याकडे मानकरी देवापुढे गाऱ्हाणं मांडतो आणि प्रत्येक वाक्याला सारा गाव साथ देतो. मी खांबाला टेकून चेहरे बघत होतो.

"जेणा कोणी लेकरांच्या पेपराक हात लायल्यान आसात, तेका तुझ्या पायाकडे आण रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" देऊळ दणाणलं. पहिल्या रांगेतले मुख्याध्यापक तेवढे गप्प. पोलिसांना खोटी तक्रार बिनदिक्कत लिहून देणाऱ्यांना देवासमोर दोन शब्द म्हणता येईनात. शिकलेले असले तरी त्याच गावचे होते.

त्यांना बाजूला घेतलं आणि विचारलं, "सर, दार कोणी उघडलं?" ते पायरीवर बसले आणि रडायलाच लागले. पेपर त्यांच्या घरी काजूच्या पोत्यांमागे मिळाले. मुलगी सगळ्या विषयांत पास होती. गणितात काठावर, पण पास. शंभर टक्क्यांना धक्का लागू नये म्हणून कच्ची वाटणारी मुलं नववीतच गाळायची, ही तिथली पद्धत. बापाने पेपर मागितला आणि ती पद्धत उघडी पडायची वेळ आली.

कायद्याने जे करायचं ते केलं. मुलीला दहावीच्या वर्गात बसता आलं. पण दरवर्षी नववीतली काही मुलं पुढे दिसत का नाहीत, हे आमच्यापैकी एकानेही कधी विचारलं नव्हतं. गुन्हा एकाचा होता, लाज सगळ्यांची. प्रगतिपुस्तकावर शाईने लिहिलं आहे म्हणून ते खरंच असतं असं नाही, हे मी तेव्हा शिकलो.

जबाबासाठी सगळे ठाण्यात जमले तेव्हा मुलगी मुख्याध्यापकांकडे बघून प्रथमच बोलली. आवाज चढलेला नव्हता, रागही नव्हता.

"सर, मी दहावीत नापास होतलंय, ह्या तुमका आदीच कसा कळला?"

तो प्रश्न मी जबाबात जसाच्या तसा लिहून घेतला.