दादाने सांगितलेली ओळ

वाशीमला माझी माती तपासायची छोटी प्रयोगशाळा आहे. शेतकरी पिशवीत माती आणतात, मी तपासतो, कॉम्प्युटर अहवाल छापतो. अहवालाचा प्रोग्राम थोरल्या भावाने पुण्याला जाण्याआधी बसवून दिलेला. आई-वडील गेल्यावर आम्ही दोघेच उरलो. दादा तिकडे, मी इकडे.

प्रोग्राम म्हातारा आणि हेकट. आमचा कॉम्प्युटर लिनक्स या प्रणालीवर चालतो; तिच्यात कोणत्या कामाला किती मेमरी, किती प्रोसेसर, ही वाटणी कंट्रोल ग्रुप करतात. पूर्वी मेमरीची उतरंड वेगळी, प्रोसेसरची वेगळी. आता सगळ्यांची मिळून एकच. आमच्या प्रोग्रामला जुनीच पद्धत लागते. म्हणून मशीन सुरू होतानाच मेनूत 'ई' दाबायचं आणि लिनक्सच्या ओळीच्या शेवटी 'सिस्टमडी डॉट युनिफाइड सीग्रुप हायरार्की बरोबर शून्य' असं लिहायचं. हे त्या एका वेळेपुरतंच टिकतं. लाइट गेली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

लाइट गेली की मी दादाला फोन लावायचो. तो अक्षर न् अक्षर सांगायचा, मी टाइप करायचो. मधेच विचारायचा, "जेवला काय?" मागून वहिनीच्या भांड्यांचा आवाज यायचा. तेवढा वेळ मी घरात असायचो.

"अबे, फाइलीत कायमचं लिवून टाक ना," तो वैतागायचा. "दरखेपी मले काहून इचारतं?"

"ध्यानातच राहत नाई, दादा."

साफ खोटं. ओळ मला तोंडपाठ होती, फाइलही माहीत होती. लोक म्हणायचे, इन्व्हर्टर घे. मी हसून टाळायचो. कामाशिवाय फोन करायची आमच्या घरात रीतच नाही, आणि मला दुसरं काम सुचत नव्हतं.

मागच्या महिन्यात दादा एका लग्नाला आला. निघताना प्रयोगशाळेत टेकला. मी चहा सांगून येईपर्यंत तो कीबोर्डसमोरून उठलाही होता.

"टाकली लिवून. आता लाइट गेली तरी तुले तरास नाई."

किती खूश होता! मला त्याचा राग आला, आणि रागाची लाजही वाटली.

परवा दुपारी लाइट गेली आणि आली. मशीन आपलं आपण उठलं, प्रोग्राम सुरू झाला, अडलेला अहवाल छापून बाहेर पडला. मी तरीही फोन लावला.

"काय झालं? मशीन बंद पडली काय?" दादाने घाईने विचारलं.

"नाई. चालू हाये."

"मंग?"

तो खरंच काळजीत होता. मी म्हणालो, चुकून लागला.