बेटाच्या मागच्या बाजूचं पाणी

बहरीनमध्ये समुद्रात पोहणारे, समुद्राला भिणारे आणि समुद्राकडे पाहत गावाची आठवण काढणारे पुष्कळ भेटतील; पण समुद्राचं पाणी गोडं करण्यात सव्वीस वर्षं घालवूनही प्रत्येक घोटावर संशय घेणारा माणूस एकच, तो म्हणजे आमच्या समोरच्या फ्लॅटमधले काका. मूळचे अकोल्याचे, नोकरी पाणी गोडं करणाऱ्या प्लांटवर ऑपरेटरची. जुफैरमध्ये कुणाकडे वाढदिवसाला गेले की केकच्या आधी सिंकखाली वाकायचे. बाब अल बहरीनच्या बाजारात काकू बांगड्या निवडत असताना यांचा दुकानदाराला प्रश्न, "भैया, ये तुम्हारे एसी का पानी जाता किधर है?" ते शेजाऱ्याच्या पायरीवर ठिबकतं असा शोध लागला आणि काकांनी दोघांचं भांडण मिटवेपर्यंत काकूंनी दोन जोड घेऊन टाकले. आई म्हणायची, "विहारात नेलं तरी भावजी आधी मोरी बघतील."

त्यांच्या निवृत्तीला महिना उरला तेव्हा दोन्ही घरांनी मिळून क्रूझ केली. तिसऱ्या दिवशी जहाज एका खासगी बेटासमोर थांबलं आणि छोट्या बोटींनी आम्हाला किनाऱ्यावर नेलं. नारळाची झाडं, पांढऱ्या खुर्च्या, पोहून आलेल्यांसाठी गोड्या पाण्याचे शॉवर. सगळे वाळूत लोळले. काका शॉवरचं पाणी तळहातावर घेऊन चाखत होते. "बेट खासगी, समजलं. पन हे पानी आनलं कुठून?" खुर्च्या ओढणाऱ्या नेपाळी कामगाराने इकडेतिकडे पाहून हळूच झुडपांच्या कुंपणाकडे बोट दाखवलं. कुंपणावर 'फक्त कर्मचाऱ्यांसाठी' अशी पाटी होती. असल्या पाट्या माझ्या डोक्यात जातात, म्हणून मीही मागोमाग गेलो.

मागे पत्र्याच्या खोल्या होत्या आणि कोरड्या नळाखाली बादल्यांची रांग. "साहब, जहाज के दिन हमारा लाइन बंद," कामगार म्हणाला. "नहीं तो मेहमान का शॉवर कम हो जाता है." मी लगेच भाषणाच्या तयारीला लागलो. काकांनी मात्र पंपाजवळ जाऊन प्रेशरचा काटा पाहिला. "कमी? प्रेशर तं भरपूर हाय! जाय, शॉवरखाली उभा राह्य." त्यांनी कामगारांच्या लाइनचा व्हॉल्व्ह थोडाथोडा उघडायचा आणि मी कपड्यांसकट भिजत ओरडायचं, "येतंय काका, तेवढंच येतंय!" पंप ते शॉवर अशा चार फेऱ्या मी पळत मारल्या. मग सुपरवायझर आला आणि आधी त्या कामगारावरच खेकसला. काका मध्ये पडले. "इसको कुछ मत बोलो. मैंने खोला. दोनो तरफ का पानी देखो, फिर गुस्सा करो."

तेवढ्यात शेवटच्या बोटीचा भोंगा झाला. पासपोर्ट जहाजावर, बेटाचा व्हिसा नाही, आणि काकू धक्क्यावरून दोन्ही हात हलवतायत. "काका, यल्ला, चला! खलास, बोट चालली!"

"थांब ना बे. त्याले पाहू दे."

सुपरवायझर शॉवरपर्यंत गेला, परत आला, नळाखाली हात धरला आणि म्हणाला, "ठीक है, देखते हैं." काकांनी खिशातलं मार्कर काढून व्हॉल्व्ह किती उघडा ठेवायचा त्याची रेघ मारली आणि मगच ते धावले. दोर सोडलेल्या बोटीत आम्हाला अक्षरशः ओढून घेतलं. काकू जहाजापर्यंत पाठ फिरवून बसल्या. काकांना ते कळलंही नाही, ते बेटाकडे तोंड करून बसले होते.

आता ते अकोल्याला असतात. फोनवर तब्येतीआधी विचारतात, "कोनी गेलं का त्या बेटावर? मागं पानी येते का?" आमच्या ओळखीची दोन कुटुंबं जाऊन आली. किनारा सुंदर आहे, म्हणाली. कुंपणापलीकडे कुणीच गेलं नव्हतं. गेल्या शुक्रवारी मी म्हणून टाकलं, "येतं, काका. जहाजाच्या दिवशीही येतं."

काका हळूच म्हणाले, "कोन पाहून आलं?"

फोनमध्ये नुसता त्यांच्या घरातला पंखा ऐकू येत राहिला.