मामांचं मंडळ आणि फाट्यावरचा बाक

बायकोच्या मामांच्या मंडळाचं पहिलं प्रदर्शन होतं आणि मी पोचल्या पोचल्या माझं हेल्मेट एका इमारतीवर ठेवलं. शिरूरहून न्हावरे-चौफुला रस्त्यानं मोटारसायकल हाणत आम्ही दोघं यवतला आलो होतो. मंगल कार्यालयाच्या दाराशीच टेबलावर पांढऱ्या पुठ्ठ्याचं काहीतरी बसकं, जवळजवळ सपाट दिसलं. मला वाटलं, चपलांना रॅक असतो तशी हेल्मेटची सोय केलेली दिसते. ते निघालं मामांच्या मुलीनं, मनूनं, कॉलेजात असताना केलेलं बसथांब्याचं मॉडेल. छप्पर एका अंगाला बसलं. बायकोनं तेव्हा माझ्याकडं जसं पाहिलं, तसं साखरपुड्यात पाहिलं असतं तर मी आजही अविवाहित असतो. मामा मात्र शांतपणे पुढं आले, हेल्मेट उचललं आणि म्हणाले, "लोड टेस्ट झाली म्हणायची, जावईबापू." थांब्यातल्या बाकावर चिकटवलेली नखाएवढी कागदी बाई वाकडी झाली होती. तिला दोन बोटांनी सरळ करून त्यांनी पुन्हा बसवली, खाली वाकून नीट पाहिलं. "पाय टेकलं पायजेत हिचं. बसणाऱ्याचं पाय जमिनीला टेकलं की तितनं आर्किटेक्चर सुरू व्हतं."

ढाबे आणि गुऱ्हाळांच्या रांगेत राहून समकालीन वास्तुकलेचा प्रसार करणारा दुसरा माणूस अख्ख्या महाराष्ट्रात सापडायचा नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. मामांचं यवतला फरशीचं दुकान. ते पुतण्याच्या हवाली करून वयाच्या साठीनंतर त्यांनी 'समकालीन वास्तुकला प्रसारक मंडळ' काढलं. मंडळाच्या बैठका गोदामात फरश्यांच्या खोक्यांवर होत. मामांच्या खिशात कायम मोजायची टेप. कुणाच्याही घरी गेले की पाण्याचा पेला घेण्याआधी खुर्चीची उंची मोजणार. आमच्या शिरूरच्या घरातला सोफा त्यांनी पहिल्याच भेटीत मोजला आणि मामींना म्हणाले, "पोरीला उंटावर बसवलीया." तो सोफा मी स्वतः पसंत केला होता. पुढच्या रविवारी ते करवत घेऊन आले, चारी पाय कापून गेले, आणि तेव्हापासून माझी कंबर दुखायची थांबली, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

वास्तुशांतीचं आमंत्रण आलं की लोक भिंतीवरचं घड्याळ नेतात, मामा मंडळाचा पुरस्कार नेत. पुरस्कार म्हणजे एक लाल फरशी, तिच्यावर त्या घराचं रेखाचित्र कोरलेलं. पण ती मिळेलच असं नाही. मामा आधी घरभर फिरून विचारत, "सांच्याला कुठं बसायचं ह्या घरात?" यजमान गोंधळून टीव्हीकडं बोट दाखवायचा आणि फरशी पिशवीतच परत जायची. पुण्यातल्या वास्तुविशारदांच्या एका संस्थेनं मंडळाला सहयोग दिला होता. लग्नतिथी नसलेल्या दिवशी मंगल कार्यालय फुकट मिळे, तेव्हा त्यांचे लोक येऊन पडद्यावर घरं दाखवत. एकदा गिलावा न केलेलं काँक्रीटचं घर दाखवलं तेव्हा मागून एक आप्पा म्हणाले, "पैसं संपलं व्हतं का वं?" मामा उठून म्हणाले, "न्हाई आप्पा. हिंमत उरली व्हती." वक्त्याला हे बहुधा फार आवडलं, कारण त्यानं ते वहीत लिहून घेतलं.

या सगळ्या खटाटोपाच्या मुळाशी मनू होती. ती नेदरलँड्समध्ये एका मोठ्या कचेरीत काम करते. मामींच्या भाषेत, "तिकडं पान्याखालची जमीन वर काढून घरं बांधत्यात. आन् हितं वर असल्याली जमीन वाट बघत बसलीया." जाताना मामांनी तिला विचारलं होतं, इथं का नाही काही करत. ती म्हणाली होती, "दादा, इथं कुणाला हवंय हे?" मंडळ हे त्या प्रश्नाला मामांचं उत्तर होतं. आपल्या पोरीनं काढलेली एक तरी वास्तू आपल्या रस्त्यावर उभी राहावी आणि तिनं ती येऊन बघावी, एवढ्यासाठी हा माणूस लोखंडवाले, सिमेंटवाले, ग्रीलवाले आणि एक ढाबेवाला अशा सहयोगी भागीदारांच्या दारात चपला झिजवत होता.

आणि मनूच्या त्या मॉडेलचा खराखुरा थांबा झाला. भांडगाव फाट्यावर. विटांची जाळीदार भिंत, पातळ उतरतं छप्पर, छपरात गोल जागा सोडून तिच्यातून वर गेलेला जुना कडुनिंब. मुख्य गंमत अशी की बसल्या जागेवरून येणारी एसटी दिसायची. पुन्हापुन्हा उठून रस्त्यावर डोकावायला नको. पण उद्घाटनाला मी गेलो तेव्हा मला थांबाच दिसेना. प्रत्येक भागीदारानं आपापला फ्लेक्स आणला होता. जाळी लोखंडवाल्या शेठनी झाकलेली, समोरून सिमेंटवाले हात जोडून उभे, आणि ढाबेवाले मिशांना पीळ देत नेमके तिथं, जिथून एसटी दिसायची. लोक पहिल्यासारखेच बाहेर उन्हात उभे. मामा हळूच म्हणाले, "शेठ, फ्लेक्स जरा बाजूला घेता का?" शेठ म्हणाले, "मामा, लोखंड आमचं आन् फोटू कुणाचा लावायचा? लिंबाचा?"

वर्ष होत आलं तरी फ्लेक्स हलले नाहीत. मग मनूचा फोन आला, चुलतबहिणीच्या लग्नाला येतेय, आठवड्यासाठी. मामांचं जेवण उडालं. पोरगी इतक्या लांबून येणार आणि ढाबेवाल्याच्या मिशा बघून जाणार. मी आपला सल्ला दिला, सगळ्यांना रीतसर पत्र लिहू. मामांनी माझ्याकडं दयेनं पाहिलं. त्या दिवसांत आभाळ भरून येत होतं आणि शिवारात काढलेला कांदा उघड्यावर पडला होता. मामा फाट्यावर गेले आणि एसटीची वाट बघणाऱ्या बायकांना नुसतं एवढंच म्हणाले, "ह्या फ्लेक्सखाली कांदा लई सुखात ऱ्हातो म्हंत्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी थांबा मोकळा होता. भांडगावच्या रानात लोखंडवाले शेठ कांद्यावर उताणे निजले होते. खरे शेठ तणतणत मामांच्या दुकानी आले तेव्हा मामा म्हणाले, "शेठ, तुमची प्रसिद्धी पार शिवारात पोचली. आमच्या मंडळाला येवढं जमलं नसतं."

मनू आली. मामा-मामी, मी आणि बायको, सगळे तिला घेऊन फाट्यावर गेलो. आत एक म्हातारी बोचकं घेऊन बसली होती. बसल्या बसल्याच म्हणाली, "आली बाई यष्टी," आणि सावकाश उठून गेली. मनू बघतच राहिली. मग तिनं जाळीवरून हात फिरवला, कडुनिंबाकडं मान वर करून पाहिलं आणि बराच वेळ खाली केली नाही. मामा टेप खिशातल्या खिशात दाबत उभे होते. शेवटी ती बाकावर बसली. तिचे पाय जमिनीला न टेकता लोंबकळले. बसणाऱ्यांना पाय टेकायला जरा पुढं विटांची एक ओळ मांडलेली होती, तिच्याकडं तिनं पाहिलं.

"दादा, बाक उंच झालाय. माझ्या ड्रॉइंगमध्ये असा नव्हता."

"व्हय का?" मामा म्हणाले. "चुकलंच मग. गवंड्याला माप मीच दिलं व्हतं."

"खाली घ्यावा लागेल. पण नुसता फोडून नाही चालणार, जाळीचा तळ धरून करायला हवं. मी समोर पाहिजे."

"मग तू आलीस की करू. आमाला काय घाई न्हाई."

मनू हसली. "बघते दादा. पुढच्या वेळी जरा जास्त दिवस काढून येते." मामा पटकन वळले आणि जाळीतून पलीकडं उसात काय चाललंय ते बघू लागले. तिथं काहीच चाललं नव्हतं.

ती गेली. मामांनी त्यानंतर पुरस्काराच्या फरश्या कमी केल्या. संध्याकाळी फाट्यावर जाऊन बसतात, एसटी येतात, जातात, ते कुठल्याच एसटीत चढत नाहीत. मामी म्हणतात, "घरात खुर्च्या न्हाईत जनू."

मनूला फाट्यावर नेलं त्या दिवशी शिरूरला परतताना मी गाडी चालवत बायकोला म्हणालो, एवढा मापाचा माणूस, पण लेकीच्याच थांब्यात घोटाळा करून बसला, वय झालं. न्हावऱ्याला तिनं माझ्या हेल्मेटवर टिचकी मारली. मग मागून म्हणाली, "अहो, आपल्या सोफ्याचे पाय कापायला जो माणूस यवतहून करवत घेऊन आला, त्याला बाक उंच झालेला कळला नसेल होय? त्या विटा पाहिल्यात का तुम्ही? नुसत्या मांडून ठेवल्यात, मनू परत आली की उचलायला. सिमेंट लावलेलं नाही."