म्हैसमाळचा वारा आणि फोनमध्ये बोललेलं

रविवारी सकाळी पुंडलिकनगरातून स्कूटर काढली. मागं आप्पा, माझे वडील. कान गेल्यापासून त्यांनी बोलणंच सोडलंय. घरात सगळे त्यांच्याशी ओरडून बोलतो आणि ते नुसती मान हलवतात. आई गेल्यावर तर तेही कमी झालं. म्हटलं, जरा हवा बदलू.

ब्लॉगसाठी फोनमध्ये नवीन ॲप घेतलं होतं. बटण दाबायचं, बोलायचं, नोंद लिहून तयार. दौलताबादच्या दरवाजात नेहमीसारखी गाड्यांची कोंडी. मी थांबल्या थांबल्या बोलले, "मोठी गाडी असेल तर सकाळी लवकर निघा."

मागून आवाज आला, "मोठ्या गाडीचं काय घेऊन बसली? इथून यष्टी जाते!"

आप्पा खांद्यावरून वाचत होते!

खुलताबादला खाजा घ्यायला थांबलो. दुकानदारापुढं फोनच धरला. तो म्हणाला, "चचा, खाजा ताजा है." पडद्यावर उमटलं, 'चाचा काजवा ताजा है.'

"काजवे खातं का कुणी?" आप्पा म्हणाले. दुकानदारानं हसत हसत दोन खाजे जास्तीचे टाकले.

तिथून म्हैसमाळचा घाट. रस्ता बरा आहे, वळणांवर मात्र जपून. वर टपरीवर गरम भजी मिळतात, पण वारा लई, स्वेटर न्याच. दरीच्या कडेला बसल्यावर आप्पांनी एकदम विचारलं, "तुझी आई दवाखान्यात शेवटी काय म्हणली? मला ऐकूच नाय आलं."

वर्षभर त्यांनी विचारलं नव्हतं. हे ओरडून कसं सांगणार? मी फोन तोंडाशी धरून हळू बोलले, "म्हणाली, त्यांच्यावर ओरडू नका. ते घाबरतात."

आप्पांनी ते पुन्हा पुन्हा वाचलं. "व्हय," म्हणाले, "घाबरतो." मग बराच वेळ माझा हात धरून बसले.

घरी आल्यावर नोंदी लावायला बसले. रस्ता एका कप्प्यात, खाणं दुसऱ्यात. त्या एका नोंदीसाठी नवा कप्पा केला, 'आई'. आप्पा शेजारी बसून बघत होते.

"कुठं दाबायचं?" त्यांनी फोन मागितला आणि तोंडाजवळ नेऊन सावकाश बोलले, "तिला कारलं अजिबात आवडत नव्हतं. माझ्यासाठी करायची."

हे मला माहीतच नव्हतं. मी काही बोलायच्या आत त्यांनी पुन्हा बटण दाबलं.